वीतभर पाण्याची चोरी

१

"तळ्यातलं वीतभर पाणी चोरीला गेलंय," असं इंजिनिअरसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होते. ते जे बुडालं ते बुडालंच.

चोरी म्हटली की दागिने जातात, सायकल जाते, गेलाबाजार छत्री जाते. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या तळ्यावरचा वीतभर जाडीचा थर कोणी उचलून नेला, हे माझ्या उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. आणि मी मुख्याध्यापिका होते, म्हणजे चोरीच्या तक्रारी काही कमी ऐकल्या नव्हत्या.

आमचं तळे संरक्षण मंडळ म्हणजे चार निवृत्त डोकी. अध्यक्ष जजसाहेब. त्यांना अजून 'हो' म्हणता येत नाही, 'परवानगी आहे' असंच म्हणतात. इंजिनिअरसाहेब पाटबंधारे खात्यातले. त्यांचा माणसांवर विश्वास नाही, मोजमापावर आहे. डॉक्टर दातांचे, त्यातही वाकडे दात तारा लावून सरळ करणारे. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात. चौथी मी. मला सगळे बाई म्हणतात, घरी आमचे हेसुद्धा. पण आम्हाला हसू नका. तळ्यात राडारोडा टाकणारे ट्रक आम्ही बंद केले, मोटरबोटी बंद केल्या आणि गुडघ्यांची हाडं वाजत असताना जलपर्णी उपसून काढली.

या तळ्याला पोटातून झरे आहेत. त्यामुळे बारा महिने पाणी एकाच पातळीला असतं, हीच त्याची ख्याती. ती पातळी मोजायला इंजिनिअरसाहेबांनी तळ्यात मधोमध, बेटाजवळ, आकडे रंगवलेला लोखंडी खांब गाडला. तो गाडतानाच जरासा तिरका बसला. त्यावरून डॉक्टर आणि त्यांच्यात एकदा अशी जुंपली की अख्खा हंगामभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी जजसाहेबांनी 'खांबाच्या कलाचा विषय या सभागृहात पुन्हा निघणार नाही' असा निकाल दिला आणि तो विषय संपला.

"वर्षभर आकडा खाली येतोय," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "एकदम नाही. दर महिन्याला थोडा थोडा. सराईत चोर आहे."

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी मंडळाच्या कचेरीच्या खिडकीतून समोरच्या काठाकडे बोट केलं. तिथे एक लाँड्री आहे. मोठी, वाफेची, अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी धुणारी. तिला तळ्यातून ठराविक पाणी घ्यायची परवानगी आहे. बरोबर वर्षापूर्वी तिथे नवीन मशीन आलं.

ती लाँड्री माझ्या नणंदेची आहे.

२

"उद्या सकाळी पाणीखात्याचे अधिकारी येताहेत," जजसाहेब म्हणाले. "पंपाला सील लागेल. आपल्या नियमाप्रमाणे तक्रारीवर चौघांच्या सह्या हव्यात. तीन झाल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नातं तळ्याच्या आड येता कामा नये," डॉक्टर तावातावाने म्हणाले. "पाणी चोरणाऱ्याला दयामाया नाही. सही करा, बाई, नाहीतर राजीनामा द्या."

"उद्या सकाळी काय ते सांगते," मी म्हटलं आणि तडक लाँड्री गाठली.

नणंद चादरींच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत उभी होती. नवरा गेल्यावर एका इस्त्रीवर तिने सुरुवात केली, आणि आज तिच्या हाताखाली बायकांची एक पलटण आहे. पंप एक दिवस जरी बंद पडला, तरी हॉस्पिटल चादरी दुसरीकडे देणार. मग ती पलटण घरी, आणि नणंदही.

"या वहिनी," ती म्हणाली. "झडती घ्यायला आलात? पाणी कपाटात ठेवलंय, चादरींच्या मागे."

"मी विचारायला आलेय."

"विचारा की. तुमच्या कानावर कोणी घातलं नाही एवढंच, बाजारात भाजीवालासुद्धा विचारतो, ताई, तळं कुठे लपवलंत म्हणून. तुमचे इंजिनिअर परवा दुकानाच्या दारात उभे राहून मला चोर म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर. मी हात जोडून म्हटलं, साहेब, मीटर बघा. तर म्हणाले, मीटरला काय, फिरवता येतो."

"आणि हे नवीन मशीन?"

"ते जुन्यापेक्षा निम्मं पाणी खातं. म्हणून तर घेतलं." तिने चादर झटकली, माझ्या तोंडावर गार हवा आली. "तुम्ही सही करून टाका. घरचं माणूस म्हणून पाठीशी घातलं, हे मला ऐकायचं नाही. पण मी थेंब जास्त घेतला नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. राग याचा की ती खरं बोलते आहे की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. वर्गातल्या पोरांचं मी मागच्या बाकावरूनसुद्धा ओळखायचे. आपल्या माणसाच्या बाबतीत मात्र आपली नजर अधू होते.

मी ठरवलं, नणंद बाजूला ठेवायची आणि तळ्याची चौकशी करायची. शाळेतला डबा हरवला की मी आधी हेच विचारायचे: डबा खरंच हरवलाय का?

३

पहिले जजसाहेब. ते बागेत काळा चष्मा लावून बसले होते. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

"तुम्ही तळ्याजवळ काही वेगळं पाहिलंत का?" मी विचारलं.

"पाहिलं. पण ते साक्षीत घेऊ नका." त्यांनी आवाज खाली आणला. "बेटाजवळ मी एक खंड्या पाहिला. हवेत बसलेला."

"उडताना?"

"बसलेला, बाई. पंख मिटून, मान वळवून, निवांत. खाली फांदी नाही, काही नाही. सूनबाईला सांगितलं तर तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, आराम करा. एक माणूस आयुष्यभर साक्षीदारांना खोटं पाडत आला आणि आता त्याच्या साक्षीला घरात कुत्रं विचारत नाही."

मी त्यांची समजूत काढली. म्हटलं, होतं असं ऑपरेशननंतर. नंतर मला त्याची लाज वाटली, पण ते पुढे येईल.

मग डॉक्टर. त्यांच्या घरात शिरलं की भिंतीवरची एकही तसबीर तिरकी दिसत नाही. माझ्यासमोर त्यांनी टेबलावरचा पेपर टेबलाच्या कडेला समांतर केला, पेन पेपरला समांतर केलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा खालचा सुळा अजून आत झुकलेला आहे. वेळेवर आल्या असतात तर..."

"माझा सुळा राहू द्या. तुम्ही दर महिन्याला होडी घेऊन बेटावर जाता ना?"

"पक्षी मोजायला. मंडळाचंच काम आहे."

"तिथे चोरीचा काही माग दिसला? पाइप वगैरे?"

"छे. तिथे पाइपबिइप काही नाही." ते जरा जास्तच जोरात म्हणाले आणि उठून आधीच सरळ असलेला पडदा पुन्हा सरळ केला. "मला त्या चोराचा संताप येतो, बाई. तुमची नणंद असली तरी. आपण तळ्यासाठी जीव काढायचा आणि यांनी ते गटागटा प्यायचं?"

त्यांचा संताप खरा होता. पक्षी मोजायला जाणाऱ्या माणसाच्या होडीच्या सामानात पक्कड कशाला, एवढंच मला दारातून निघताना वाटून गेलं. कोपऱ्यात वल्ह्यांशेजारी ती ठेवलेली होती. पण म्हटलं असेल, होडीचा खिळाबिळा निघत असेल.

संध्याकाळ व्हायला आली होती आणि माझ्या हाती हवेत बसणाऱ्या पक्ष्याखेरीज काही नव्हतं.

४

डोकं चाललं नाही की मी लाँड्रीमागच्या पायऱ्यांवर जाऊन बसते. तशी रोजच बसते. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे. गुडघ्यांना बरं वाटतं. हे कोणत्या डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलंय. मंडळाचे बाकीचे या पायऱ्यांकडे फिरकत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पलीकडच्या कचेरीतून.

बसले. पाय सोडले. पाणी घोट्याच्या वर, नेहमीच्या जागी आलं, आणि उद्या सही करायची की राजीनामा द्यायचा यावर मी विचार करू लागले.

आणि मग मी माझ्या घोट्याकडे पाहिलं.

तीच पायरी. तोच घोटा. वीतभर पाणी गेलं असतं तर माझे पाय हवेत लोंबकळले असते, नाहीतर मी एक पायरी खाली येऊन बसले असते. पण मागच्या वर्षी याच पायरीवर, याच घोट्यापर्यंत मी भिजत होते. वर्षभर पाय ओले होत होते आणि डोकं कोरडं ठणठणीत होतं.

तळ्यातून काहीच चोरीला गेलेलं नव्हतं.

मी ओल्या पायांनीच इंजिनिअरसाहेबांकडे कचेरीत गेले. आता संशय त्यांच्यावर. माणूस आकडे खोटे सांगतो की काय?

"घ्या, तुम्हीच वाचा," त्यांनी रागाने तिपाईवरची दुर्बीण माझ्यापुढे सरकवली.

दुर्बिणीत नाणं मावेल एवढा गोल. त्या गोलात खांबाचा पाण्यालगतचा भाग आणि तिथला आकडा. मी वाचला. त्यांनी सांगितलेलाच होता. मोठा प्रामाणिक माणूस, अगदी वैताग येईल इतका.

"खांब कोणी वर उपटला असेल?"

"बूड चिखलात खोल गाडलंय. उपटायला क्रेन लागेल. क्रेन आली असती तर मला दिसली असती."

"तुम्ही काठाकडे कधी बघितलंत? पायऱ्यांकडे?"

"काठाकडे कशाला बघू? काठावर आकडे नाहीत," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

पाणी जागच्या जागी, आकडा खरा, खांब उपटलेला नाही. आणि तरीही आकडा वीतभर खाली. मी कपाळाला हात लावून भिंतीला टेकले, तर डोक्याला एक फ्रेम लागली.

५

तो आमचा ग्रुप फोटो होता, खांब गाडल्याच्या दिवशी काठावर काढलेला. जजसाहेब फोटोग्राफरला परवानगी देताहेत. इंजिनिअरसाहेब छाती काढून उभे. मी, माझ्या मते, बरी दिसते. आणि डॉक्टर? आम्ही तिघं कॅमेऱ्याकडे बघतोय, ते एकटेच मागे वळून तळ्याकडे बघताहेत. अर्धाच दिसणारा चेहरा असा की स्वतःचीच दाढ दुखतेय.

ते खांबाकडे बघत होते. खांब चांगलाच तिरका होता. 'जरासा' म्हणायची आम्हाला सवय झाली होती, फोटोत तो दारू पिऊन उभा असल्यासारखा दिसत होता.

मी खिडकीशी गेले. दुर्बिणीतून नाही, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळच्या उजेडात खांब पाण्यात उभा होता. ताठ, सरळसोट, कवायतीला उभा केल्यासारखा.

वाकडं काही असलं की शंभर माणसं सांगायला येतात. सरळ झालेलं मात्र कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. वर्षभर रोज बघणाऱ्या आमच्याही नाही.

तेवढ्यात एक खंड्या आला, खांबाच्या आणि बेटावरच्या झाडाच्या मधोमध थांबला, पंख मिटले आणि हवेत बसला.

"जजसाहेबांची माफी मागायला हवी," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

"उद्या सकाळी सांगते. पायऱ्यांवर या सगळे. एक काचेचा ग्लास आणा."

६

सकाळी पायऱ्यांवर गर्दी झाली. पाणीखात्याचे अधिकारी सील घेऊन आलेले, बरोबर दोन माणसं. नणंद हाताची घडी घालून, तिच्यामागे तिची पलटण. जजसाहेब खुर्चीवर. डॉक्टर सगळ्यांत पुढे, चोराला शिक्षा बघायला.

"बाई, सही?" जजसाहेब म्हणाले.

"त्याआधी एक प्रयोग. परवानगी आहे?"

"आहे."

मी ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात माझी फूटपट्टी तिरकी धरली. "इंजिनिअरसाहेब, पाणी कितव्या रेघेला?" त्यांनी सांगितलं. मग तीच पट्टी सरळ उभी केली. "आता?"

त्यांनी तोंड उघडलं, आकडा सांगितला आणि तोंड मिटायला विसरले. रेघ खाली गेली होती.

"ग्लासातलं पाणी कोणी प्यायलं का?" मी अधिकाऱ्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. "तिरकी काठी जास्त बुडते, सरळ काठी कमी बुडते. हा खांब तिरका होता, फोटोत आहे. आता तो सरळ आहे, समोर आहे. तळ्यातलं पाणी या पायरीला जिथे होतं तिथेच आहे, त्याला माझे घोटे साक्षीदार आहेत."

"वादळाने सरळ झाला असेल," अधिकारी म्हणाले.

"वादळाने वस्तू वाकड्या होतात, साहेब. शिवाय वादळ एका दिवसात काम उरकतं. हा दर महिन्याला थोडा थोडा सरळ झालाय, म्हणून आकडा थोडा थोडा उतरला. बेटावरच्या झाडापासून खांबाच्या माथ्यापर्यंत एक बारीक तार आहे, इथून दिसत नाही. पण जजसाहेबांनी तिच्यावर बसलेला खंड्या पाहिला होता. त्यांचे डोळे उत्तम आहेत, आमचीच अक्कल कमी पडली."

जजसाहेबांनी काळा चष्मा काढला आणि गर्दीत उभ्या असलेल्या सूनबाईंकडे पाहिलं.

"आता एवढंच राहिलं," मी म्हटलं. "वाकडी वस्तू बघवत नाही, ती तारेने ओढायची, पण घाई नाही करायची, दर महिन्याला पक्कड घेऊन जायचं आणि तार थोडी आवळायची. असा धीर कोणत्या धंद्यातल्या माणसाला असतो?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. नणंदेच्या पलटणीतल्या एकीने नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवली.

डॉक्टर पांढरे पडले होते. "मी... मी फक्त सरळ केला," ते म्हणाले. "विषय काढायची बंदी होती. रोज फिरायला आलं की तो दिसायचा. झोप लागायची नाही हो मला. पाण्याचा आणि त्याचा काही संबंध असेल हे... दात सरळ केला म्हणून कोणाचं तोंड लहान होत नाही ना." मग ते नणंदेकडे वळले. "आणि मीच तुम्हाला सगळ्यांत जास्त बोललो. चोरीच्या जागी दर महिन्याला मीच जात होतो आणि मला चोराचा राग येत होता."

अधिकाऱ्यांनी डोकं खाजवलं. "माझ्या नोकरीत वस्तू वाकडी केल्याच्या तक्रारी खूप आल्या. सरळ केल्याची ही पहिलीच. मग तक्रारीचं काय करायचं?"

"नजरचूक म्हणून मागे घेतो," जजसाहेब घाईने म्हणाले. "गाजावाजा न करता."

"तसं नाही चालणार," नणंद म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली. "मला चोर म्हणताना गाजावाजा केला होता. दुकानाच्या दारात. आता सील गेलं तरी लोक म्हणणार, मंडळवाल्यांनी सोडून दिलं. माझ्या हातात चादरी द्यायच्या की नाही, ते लोकांनी कशावरून ठरवायचं?"

मला वाटलं, इंजिनिअरसाहेब आता तोंड फिरवून निघून जाणार. तेवढा ताठा त्यांच्यात आहे. पण ते पायऱ्या उतरून अगदी खाली आले. बुटांसकट पाण्यात उभे राहिले. खाली पाण्याकडे पाहिलं, आणि मग वर गर्दीकडे.

"या तळ्यातून एक थेंबही चोरीला गेलेला नाही," ते मोठ्याने म्हणाले, पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "लाँड्रीच्या ताईंनी काही केलेलं नाही. मी वर्षभर खांबाकडे बघत राहिलो, पाण्याकडे बघितलंच नाही. चूक माझी आहे. हे मी दुकानाच्या दारातही सांगणार आहे, आत्ताच, बाजार भरायच्या वेळेला."

"बूट ओले करून दुकानात येऊ नका," नणंद म्हणाली. पण तिने हाताची घडी सोडली.

गर्दी पांगली. डॉक्टर इंजिनिअरसाहेबांच्या मागे मागे जात सांगत होते की तार इतक्यात काढू नका, काढली तर तो पुन्हा झुकेल, आणखी काही महिने धरून ठेवावं लागतं. इंजिनिअरसाहेब म्हणत होते, ठेवा, पण यापुढे आवळायच्या आधी मला कळवा.

पायऱ्यांवर आम्ही दोघी उरलो. ती माझ्या शेजारी बसली आणि तिनेही पाय पाण्यात सोडले.

"वहिनी, खरं सांगा. मी चोरी केली नाही, याची खात्री होती तुम्हाला?"

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून ओरडत आले. आता माघार घेता येईना.

"नव्हती," मी म्हटलं. "असती तर काल सगळ्यांशी भांडून घरी गेले असते. नव्हती, म्हणून दिवसभर पायपीट केली."

तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता संपलं. पुन्हा काही ही माझ्याशी धड बोलायची नाही.

"दादा आला होता काल," ती शेवटी म्हणाली. "म्हणाला, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि चहा पिऊन घरी गेला."

तिने माझा हात धरला आणि उठेपर्यंत सोडला नाही.